एसटीपीचं पाणी, करपलेली लॉन आणि बुजलेले ड्रिपर: दर उन्हाळ्यात परत येणारं दुखणं

एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, पाण्यावर वाढवलेली सोसायटीची लॉन दिवाळीत हिरवीगार असते. फेब्रुवारीत पात्यांची टोकं तपकिरी व्हायला लागतात, मार्चअखेर पिवळे पट्टे दिसतात. एप्रिलमध्ये स्प्रिंकलर लावला की पाणी मुरायच्या ऐवजी वरच साचून राहतं, आणि ड्रिपवरची झुडपं एकेक करून माना टाकतात. माळी युरिया टाकतो, मग बुरशीनाशक मारतो, मग कमिटी नवीन लॉनचं कोटेशन मागवते. जुलैत पाऊस लागतो, सगळं पुन्हा हिरवं होतं आणि विषय मागे पडतो. पुढच्या मार्चला तीच तक्रार, फक्त पिवळे पट्टे थोडे मोठे.

पावसाने बरं होणारं आणि उन्हाळ्यात परत येणारं दुखणं बहुतेक वेळा क्षारांचं असतं. ते बागेत दिसतं, पण सुरू होतं सॉफ्टनरच्या, म्हणजे मीठ वापरून जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या, खोलीत. प्लांट ऑपरेटरचं काम टाकीपर्यंत, माळ्याचं काम व्हॉल्व्हपासून पुढे, आणि सॉफ्टनरचा ठेका तिसऱ्याच माणसाकडे. तिघांची कामं एकत्र कुणी बघत नाही, म्हणून दुखणं सापडत नाही. खालची तपासणी तिघांना एकत्र उभं करून केली तर दोन दिवसांत निदान होतं.

आधी पिवळेपणा नीट बघा

सगळा पिवळेपणा सारखा नसतो. सकाळच्या उजेडात गुडघ्यावर बसून दहा-बारा पाती हातात घेऊन बघा.

जुन्या पात्यांची टोकं आधी करपलेली, करपा टोकाकडून खाली उतरतोय आणि खालचा भाग अजून हिरवा असेल, तर क्लोराइड-सोडियमचा ताण. स्प्रिंकलरवर असलेल्या झुडपांच्या पानांच्या कडा करपल्या आणि त्याच जातीची ड्रिपवरची झुडपं ठीक असतील, तर निदान जवळजवळ पक्कं. पानावर पडलेलं पाणी उडून जातं, मीठ पानातच राहतं.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता. जमिनीत लोह असतं, पण बायकार्बोनेटवाल्या पाण्याने सामू (पीएच) चढला की झाडाला ते मिळत नाही. इथे फेरस सल्फेटची ०.५ टक्क्याची फवारणी, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी द्या. आठवड्यात नवी पानं हिरवी आली तर निदान बरोबर. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

पातं सगळंच फिकट, माती ओली आणि खणल्यावर मुळं तपकिरी, आंबूस वासाची असतील, तर मुळांना हवा नाही. पाणी जास्त झालंय किंवा निचरा बंद आहे. गोल डाग, त्यांना गडद कडा आणि पहाटे दवात बारीक जाळी दिसली, तर मात्र ती बुरशी, आणि बुरशीनाशक योग्यच.

स्प्रिंकलरभोवती हिरवी वर्तुळं आणि मध्ये पिवळं असेल तर पाण्याला दोष देण्याआधी फवारा मोजा. एकसारखे पंधरा-वीस स्टीलचे पेले लॉनवर समान अंतरावर ठेवा, पंधरा मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. सर्वांत कमी भरलेल्या पेल्यात सरासरीच्या निम्म्याहून कमी पाणी असेल, तर नोझल आणि दाब आधी सुधारा.

मातीचं ढेकूळ आणि पाण्याची बाटली

लॉनच्या खराब भागातून पाच सेंटीमीटर खोलीवरचं वाटाण्याएवढं ढेकूळ काढा आणि सावलीत पूर्ण वाळवा. काचेच्या पेल्यात आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या आणि ढेकूळ अलगद तळाशी सोडा. ढवळू नका, पेला हलवू नका. दोन तासांनी बघा. ढेकूळ फुटून नुसता बारीक कणांचा ढीग झाला आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं, तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखं ढगाळ वलय पसरलं आणि ते खाली बसेना, तर माती सोडियमने बिघडलेली आहे. ही चाचणी एसटीपीच्याच पाण्यात करू नका. त्यातले क्षार चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवतात आणि दोष झाकला जातो.

हीच गोष्ट लॉनवरही घडते. उन्हाळाभर खारट पाण्यामुळे चिकणमाती कशीबशी एकत्र असते. जूनमध्ये जोराचा पाऊस पडतो, मोकळे क्षार धुऊन जातात, पण मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम तिथेच राहतं. मग कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि वर गुळगुळीत पापुद्रा धरतो. पाऊस क्लोराइड धुतो आणि लॉन हिरवी होते, म्हणून सगळ्यांना वाटतं दुखणं गेलं. सोडियम मात्र दरवर्षी थोडं थोडं साठत जातं. काळ्या मातीत हे लवकर होतं, मुरमाड आणि वाळूमिश्रित मातीत उशिरा.

दुसरी चाचणी बाटल्यांची. एक लिटरच्या तीन पारदर्शक बाटल्या घ्या. एक प्लांटच्या फिल्टरनंतर भरा, दुसरी बागेच्या टाकीतून, तिसरी सगळ्यात लांबच्या लॅटरलचं, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या बारीक नळीचं, टोक उघडून पहिल्या धारेची. झाकण घट्ट लावून चोवीस तास सावलीत ठेवा. पहिलीच गढूळ असेल तर दोष प्लांटमध्ये. पहिली स्वच्छ आणि दुसरी वास मारणारी असेल तर दोष टाकीत. पहिल्या दोन ठीक आणि तिसरीत तपकिरी लोळ तरंगत असतील तर पाइपात जिवाणूंचा बुळबुळीत थर धरलाय.

जे एसटीपीच्या रिपोर्टमध्ये नसतं

दर महिन्याला येणाऱ्या रिपोर्टमध्ये सामू, बीओडी आणि सीओडी (दोन्ही पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची मापं), निलंबित घन पदार्थ, तेल-ग्रीस एवढंच असतं. नदीत सोडायच्या पाण्यासाठी ते पुरेसं आहे, झाडासाठी नाही. बीओडी ५ असलेलं, काचेसारखं स्वच्छ पाणीसुद्धा लॉन मारू शकतं, कारण बीओडीच्या चाचणीत मीठ मोजलंच जात नाही, आणि प्लांटमधले जिवाणू, वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर यातलं काहीही सोडियम काढत नाही.

म्हणून नमुना शेतीच्या पाण्यासारखा तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत ‘सिंचनासाठी पाणी तपासणी’ म्हणून द्या. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचं माप), सामू, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट एवढं मागा. एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. एक नमुना ऑक्टोबरअखेर, एक एप्रिलमध्ये. दोन्ही शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो.

एप्रिलचा असा रिपोर्ट समजा: ईसी १.७ डेसिसीमेन्स प्रति मीटर; सोडियम २५३, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ३६ मिलिग्रॅम प्रति लिटर. सोडियमला २३ ने, कॅल्शियमला २० ने, मॅग्नेशियमला १२ ने भागा. सोडियम ११, कॅल्शियम ३, मॅग्नेशियम ३ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, म्हणजे तिन्हींची तुलना करता येईल असं एकच माप. कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज ६, तिचं निम्मं ३, त्याचं वर्गमूळ १.७३. ११ भागिले १.७३ म्हणजे एसएआर, अर्थात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचं प्रमाण, ६.४.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, मार्गदर्शिकेप्रमाणे ईसी ०.७ पर्यंत निर्धोक, ०.७ ते ३ सांभाळून वापरायचं आणि ३ च्या वर अवघड. एसएआर एकटा बघायचा नसतो, ईसीबरोबर बघायचा. एसएआर ३ ते ६ असेल तर ईसी १.२ च्या वर असताना पाणी मुरायला अडचण येत नाही. ६ ते १२ असेल तर तीच मर्यादा १.९ होते. आपल्या नमुन्यात एसएआर ६.४ आणि ईसी १.७, म्हणजे पाणी मुरण्याची अडचण सुरू झालेली आहे. स्प्रिंकलरसाठी क्लोराइड साधारण १०० आणि सोडियम ७० मिलिग्रॅमच्या वर गेलं की नाजूक झाडांची पानं करपायला लागतात.

हातातल्या टीडीएस (विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या) पेनवर भरवसा ठेवताना एक लक्षात घ्या. पेन ईसीच मोजतं आणि आत ०.५ किंवा ०.७ ने गुणून आकडा दाखवतं. दोन पेनांचे आकडे जुळत नाहीत ते त्यामुळे. ईसी दाखवणारं मीटर घ्या.

सोडियम येतं कुठून

घरगुती वापरात पाण्यात सोडियमची वाढ होतेच, एका फेरीत साधारण ४० ते ७० मिलिग्रॅम प्रति लिटर. साबण, डिटर्जंट, जेवणातलं मीठ. शुद्ध केलेलं पाणी पुन्हा फ्लशला गेलं की ते परत प्लांटमध्ये येतं आणि थोडं आणखी खारट होतं. एवढ्याने लॉन मरत नाही.

मोठा वाटा सॉफ्टनरचा. पुण्या-पिंपरीकडे धरणाचं पाणी मुळात मऊ असतं. उन्हाळ्यात ते कमी पडतं, बोअर आणि टँकर सुरू होतात, पाणी जड होतं, सॉफ्टनरला जास्त मीठ लागतं. लॉन मार्चमध्येच का बिघडते याचं उत्तर इथे आहे.

हिशेब करून बघा. रोज एक लाख लिटर पाणी, जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम, सॉफ्टनरनंतर ५०. म्हणजे रोज २५ किलो जडपणा काढायचा. प्रत्यक्षात एक किलो जडपणा काढायला दोन किलोच्या आसपास मीठ जातं, म्हणजे रोज ५० किलोचं एक पोतं. मिठात ३९ टक्के सोडियम. एका पोत्यात जवळजवळ २० किलो सोडियम आणि ३० किलो क्लोराइड. लाख लिटरला वाटलं तर लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम सोडियम आणि ३०० मिलिग्रॅम क्लोराइड. वरच्या रिपोर्टमधलं २५३ असंच तयार होतं. पोती मोजणारा वॉचमन आणि लॉन बघणारा माळी एकमेकांशी बोलले असते तर हे पहिल्याच वर्षी कळलं असतं.

इथे बरेच जण एक घाई करतात: रिजनरेशनचं, म्हणजे सॉफ्टनरमधले रेझिनचे दाणे मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करताना निघणारं, खारं पाणी एसटीपीत जाऊ न देता दुसरीकडे काढतात. क्लोराइड त्याने नक्की कमी होतं. पण त्या खाऱ्या पाण्याबरोबर रेझिनमधून सुटलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियमही बाहेर जातं. बागेला उरतं ते पूर्ण मऊ पाणी: सोडियम ८ आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम जेमतेम १ मिलिइक्विव्हॅलंट. एसएआर ११ च्या वर जातो, ईसी उतरतो, आणि पाणी मुरण्याच्या दृष्टीने हे आधीपेक्षा वाईट. शिवाय ते खारं पाणी पावसाळी गटारात सोडणं हा वेगळाच गुन्हा. म्हणून आधी मीठच कमी करायला हवं.

दुरुस्तीचा क्रम

पहिलं काम बायपासचं. सॉफ्टनरला बहुतेक ठिकाणी बायपास लाइन असतेच, फक्त व्हॉल्व्ह घट्ट बंद असतो. तो थोडा उघडून कच्चं आणि मऊ पाणी मिसळा, म्हणजे टाकीत जडपणा १५० च्या आसपास राहील. ३०० आणि ५० च्या हिशेबात शंभरातले चाळीस भाग कच्चं पाणी. थेंब मोजायच्या हार्डनेस किटने रोज सकाळी तपासा, व्हॉल्व्हच्या दांड्यावर रंगाने खूण करा. १५० ला साबणाला फेस येतो, गीझरही टिकतो, आणि मीठ पोत्याच्या जागी ३० किलोवर येतं.

दुसरं, टायमरवरचं रिजनरेशन बंद करा. पावसाळ्यात मऊ पाणी येत असतानाही टायमर रोज मीठ ओततो. बाहेर येणाऱ्या पाण्याचा जडपणा ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला तरच रिजनरेशन. मीटरवर चालणारा कंट्रोलर असेल तर उत्तम.

तिसरं, मातीला कॅल्शियम. शेतीचं जिप्सम वापरा, चुना नको. आपल्या जमिनीचा सामू आधीच चढा असतो, त्यात चुना विरघळत नाही. पाणी साचणाऱ्या लॉनला चौरस मीटरला ५०० ग्रॅम, दोन हप्त्यांत. हजार चौरस मीटरला ५० किलोच्या दहा गोण्या. आधी लॉनला आठ-दहा सेंटीमीटर खोल भोकं पाडा. पोकळ टोकाचं यंत्र मिळालं तर तेच वापरा, कारण भरीव खिळ्याने भोकाच्या भिंती दाबल्या जातात. मग जिप्सम पसरा, झाडूने भोकांत लोटा, वर बारीक वाळू. मेच्या शेवटच्या आठवड्यात पहिला हप्ता दिला की जूनचा पाऊस त्याला आत नेतो आणि मातीवरून सुटलेलं सोडियम खाली नेतो. जुलैत लॉन हिरवी झाल्यावर ‘आता गरज नाही’ म्हणून दुसरा हप्ता सोडू नका. ऑगस्टच्या उघडिपीत द्या.

पाण्यातही जिप्सम देता येतं. एक मिलिइक्विव्हॅलंट कॅल्शियमसाठी हजार लिटरला ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम. बागेला रोज ३० हजार लिटर लागत असेल आणि ३ मिलिइक्विव्हॅलंट वाढवायचं असेल, तर रोज पावणेआठ किलो. त्याने वरच्या नमुन्याचा एसएआर ६.४ वरून ५.२ वर येतो. पण हे फक्त स्प्रिंकलर आणि होजच्या लाइनवर. ड्रिपवर नको, बायकार्बोनेटशी जुळून ड्रिपरमध्ये खडा धरतो.

चौथं, निचरा. पोडियम गार्डनमध्ये, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या बागेत, दीडशे ते तीनशे मिलिमीटर माती, तिच्याखाली जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं कापड), ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारा पोकळ थर) आणि स्लॅब असतो. क्षार धुऊन जायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे स्लॅबमधलं ड्रेन आउटलेट. ते शोधून काढा, त्यावरचं झाकण उघडा, मुळं आणि गाळ काढा. मग त्या भागात चौरस मीटरला एकूण २५ ते ३० लिटर पाणी तीन हप्त्यांत द्या, मध्ये तासाभराची विश्रांती. आउटलेटमधून पाणी यायलाच हवं. आलेल्या पाण्याची ईसी मोजा. दिलेल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर क्षार धुतले जात आहेत. काहीच आलं नाही तर वाट बंद आहे, आणि कितीही जिप्सम घालून उपयोग नाही. पार्किंगच्या छताला पांढरे सुळके लोंबत असतील तर आधी वॉटरप्रूफिंग, मग धुणं.

मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी असं एक धुणं द्यायचं. रोज थोडं थोडं पाणी शिंपडण्याने मीठ वरच्या पाच सेंटीमीटरमध्येच साठतं. एक दिवस आड, पण खोल पाणी चांगलं.

पुरेसं बजेट असलेल्या गोल्फ मैदानांनाही यातून जावं लागलंय. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे द्वीपकल्पावरची पेबल बीच परिसरातली मैदानं १९९४ पासून शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर आहेत. ग्रीनवरच्या, म्हणजे चेंडू टाकायच्या भोकाभोवतीच्या, नाजूक गवताला त्यातलं सोडियम सोसेना, म्हणून ग्रीन मधून मधून पिण्याच्या पाण्याने धुवावे लागत. पुढे प्रकल्पात मायक्रोफिल्ट्रेशन आणि आरओ बसवून सोडियम खाली आणावं लागलं. सोसायटीने आरओच्या वाटेला जाऊ नये. त्याच्या खाऱ्या रिजेक्टचं काय करायचं हा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि आपल्याकडे मीठ आपणच घालतोय, ते कमी करणं स्वस्त.

ड्रिपर पुन्हा पुन्हा बुजतात

बंद पडलेले तीन-चार ड्रिपर काढा, ब्लेडने उभे चिरा आणि आतली वळणं भिंगातून बघा. बुळबुळीत, करडा-तपकिरी, वासाचा थर म्हणजे जिवाणूंचा थर. पांढरी, खरखरीत कड आणि तिच्यावर ॲसिडचा थेंब टाकल्यावर फसफस म्हणजे कार्बोनेटचा खडा. बोटात करकरणारे कण म्हणजे फिल्टरमधली वाळू. काळी पूड म्हणजे बहुधा कार्बन फिल्टरची खालची जाळी फुटली आहे. तिथे ड्रिपर धुण्यात वेळ घालवू नका, आधी फिल्टर उघडा.

किती बुजलेत ते मोजा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून तीन मिनिटांत २०० मिलिलिटर यायला हवं. लाइनच्या सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे बारा ड्रिपर तपासा. सरासरी १६० च्या खाली गेली की उपचार करा. निम्म्यावर जाईपर्यंत थांबलात तर ड्रिपर बदलावेच लागतात.

जिवाणूंच्या थरासाठी क्लोरिन. ५०० लिटरच्या टाकीत २५० मिलिलिटर १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे ५० पीपीएम. लाइन भरा, रात्रभर ठेवा, सकाळी टोकं उघडून धुवा. हे पाणी झाडाच्या बुडाशी सोडू नका. हायपो उन्हात ठेवलं की ताकद जाते, महिन्याहून जुना कॅन ‘१० टक्के’ धरू नका.

खड्यासाठी ॲसिड. ३३ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड, सामू ३ च्या आसपास येईपर्यंत. क्षारता (अल्कलिनिटी) ३०० असलेल्या ५०० लिटर पाण्याला साधारण ३०० ते ३५० मिलिलिटर लागतं. आधी दहा लिटरच्या बादलीत मिलिलिटर-मिलिलिटर टाकून सामूच्या कागदाने प्रमाण ठरवा. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. तासभर लाइनमध्ये ठेवून धुऊन काढा. क्लोरिन आणि ॲसिड एकाच दिवशी, एकाच टाकीत किंवा एकाच मापाने वापरायचं नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो आणि बंद पंपरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. मध्ये पूर्ण एक दिवस आणि साध्या पाण्याचं धुणं हवंच.

उपचार केले आणि धुणं बरोबर केलं नाही तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. १६ मिलिमीटर लॅटरलच्या उघड्या टोकातून मिनिटाला चार ते पाच लिटर पाणी पडायला हवं, तरच गाळ वाहून निघतो. सगळी टोकं एकदम उघडली की धार मरते. पाच-पाच उघडा, धार स्वच्छ होईपर्यंत, दर पंधरा दिवसांनी.

फिल्टरची गोष्ट: ड्रिपआधी १३० मायक्रॉनचा डिस्क फिल्टर हवा, आणि प्लांटच्या वाळूच्या फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहाने धुणं, खरोखर व्हायला हवा. बऱ्याच ठिकाणी फिल्टर चालवणारा तोच एक पंप बॅकवॉशलाही वापरतात. बॅकवॉशला दुप्पट ते तिप्पट प्रवाह लागतो. तो नसेल तर वाळू उचलली जात नाही, आत मातीचे गोळे होतात आणि पाणी त्यांच्या कडेने गाळल्याविना निघून जातं. दोन पंप एकत्र चालवून बघा. बॅकवॉशचं पाणी आधी काळपट येऊन मग निवळलं, तर वाळू हलतेय.

क्लोरिन टाकतो, किटवर पिवळा रंग येतो, तरी थर धरतो

बहुतेक सोसायट्यांत क्लोरिन तपासायला ऑर्थोटोल्युडिनचं किट असतं. ते मोकळ्या क्लोरिनलाही पिवळं होतं आणि अमोनियाशी जोडलेल्या क्लोरिनलाही. जोडलेलं क्लोरिन जिवाणू मारण्यात फार दुबळं. डीपीडीचं किट घ्या, पहिल्या गोळीने येणारा गुलाबी रंग मोकळ्या क्लोरिनचा.

गुलाबी येतच नसेल तर पाण्यात अमोनिया उरलाय. एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन संपवायला व्यवहारात आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरिन लागतं. पाच असेल तर चाळीस-पन्नास. एवढं हायपो ओतत राहणं परवडत नाही आणि त्यातूनही सोडियम वाढतं. खरा दोष हवेचा: अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना प्लांटच्या एरेशन टाकीत (जिथे पाण्यात हवा सोडतात) विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या आसपास लागतो. वीज वाचवायला हवा सोडणारा ब्लोअर रात्रभर बंद ठेवला जातोय का ते आधी विचारा. ब्लोअरच्या वीजमीटरची संध्याकाळची आणि सकाळची नोंद घ्या, उत्तर मिळतं. डिफ्यूझर (तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे तुकडे) फाटले असतील तर टाकीत एका जागी मोठे बुडबुडे उसळतात आणि कोपरे शांत असतात.

वास

वासाचं कारण बहुधा साठवण. शुद्ध झालेलं पाणी बंद टाकीत दोन दिवस पडून राहिलं की त्यातला ऑक्सिजन संपतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा स्प्रिंकलर लावला की नेमकं हेच होतं. टाकीची पातळी एका दिवसाच्या गरजेपुरती ठेवा, ब्लोअरवरून एक हवेची नळी आणि दोन डिफ्यूझर टाकीत सोडा, आणि वापर नसेल तेव्हाही पाणी फिरवत ठेवा. तळाचा गाळ काढायला माणूस टाकीत उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइडने काही क्षणांत शुद्ध हरपते. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँक आणि गटारात सुरक्षासाधनांविना माणूस उतरवायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये. बाहेरून सक्शन पंपाने गाळ ओढा.

बाकीचं

युरिया थांबवा. पाण्यात १५ मिलिग्रॅम नायट्रोजन असेल आणि लॉनला चौरस मीटरला रोज ५ लिटर दिलं, तर आठ महिन्यांत १८ ग्रॅम नायट्रोजन मिळतं, म्हणजे ३९ ग्रॅम युरियाइतकं. त्यावर आणखी युरिया टाकला की पाती लुसलुशीत होतात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

स्प्रिंकलर रात्री अकरानंतर, मुलं आणि फिरायला येणारे नसताना. बागेच्या नळांना काढता येणारी चावी आणि ‘पिण्याचं पाणी नाही’ ही पाटी. वर्षातून एकदा पिण्याच्या पाण्याची लाइन पूर्ण बंद करून आणि बागेचा पंप चालू ठेवून प्रत्येक पिण्याचा नळ उघडा. एकातूनही पाणी येतच राहिलं तर कुठेतरी दोन लाइन जोडल्या गेल्या आहेत. मग पंप लगेच बंद करा आणि ती जोडणी सापडेपर्यंत पुन्हा चालू करू नका.

नवी लॉन टाकायचीच असेल तर वरची सगळी कामं झाल्यावर, ऑगस्टमध्ये. हरळीच्या जाती खाऱ्या पाण्याला बऱ्याच सोशिक, कण्हेर आणि बोगनवेलही. गुलाबाला हे पाणी अजिबात सोसत नाही. त्याचे वाफे या लाइनवरून काढा आणि पावसाच्या टाकीतल्या पाण्यावर जोडा.